रिव्हरसाइड चॉसर : मागच्या पानांपासून वाचावा असा ग्रंथ

चौदाव्या शतकातला इंग्रज कवी जेफ्री चॉसर याचे समग्र साहित्य एकाच खंडात, मूळ मध्ययुगीन इंग्रजीत आणि भरवशाच्या टीपांसह हवे असेल, तर आजही पहिले नाव ‘द रिव्हरसाइड चॉसर’चेच घ्यावे लागते. लॅरी बेन्सन यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली हा ग्रंथ १९८७ साली अमेरिकेत निघाला. पुढे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तो कागदी बांधणीत काढला आणि २००८ साली ख्रिस्तोफर कॅनन यांच्या प्रास्ताविकासह पुन्हा बाजारात आणला. एफ. एन. रॉबिन्सन यांनी १९३३ साली सिद्ध केलेली आणि १९५७ साली स्वतःच सुधारलेली आवृत्ती हा त्याचा पाया आहे, त्यामुळे रिव्हरसाइडकडे त्याच परंपरेतली तिसरी आवृत्ती म्हणून पाहिले जाते. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याने, तसेच जुन्या ग्रंथांच्या पाठचिकित्सेत, म्हणजे निरनिराळ्या प्रती ताडून मूळ शब्द ठरवण्यात, रस असणाऱ्या कोणाही वाचकाने तो संग्रही ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तो ज्या क्रमाने बांधला आहे त्या क्रमाने वाचू नये. त्याचा खरा ऐवज बारीक टंकात छापलेल्या मागच्या पानांत आहे, आणि पुढची स्वच्छ, सुबक पाने तो ऐवज जवळजवळ झाकून टाकतात. माझी शिफारस आणि माझी तक्रार या दोन्ही गोष्टी येथूनच निघतात.

चॉसर १४०० साली वारला. त्याच्या कोणत्याही काव्याची त्याच्या स्वतःच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. ‘कँटरबरी टेल्स’ तर त्याने अपुरेच सोडले. कँटरबरीच्या यात्रेला निघालेल्या मंडळींनी वाटेत एकमेकांना कथा सांगायच्या अशी त्याची योजना होती, पण प्रत्यक्षात चोवीस कथा हाती लागतात, त्यांतल्या काही अर्धवट आहेत, आणि त्या दहा सुट्या तुकड्यांत विभागलेल्या आहेत. हे तुकडे कोणत्या क्रमाने लावायचे हे कवीने कोठेही सांगून ठेवलेले नाही. या काव्याची पूर्ण आणि त्रुटित मिळून ऐंशीहून अधिक हस्तलिखिते टिकली आहेत आणि त्यांच्यात शब्दांपासून कथांच्या क्रमापर्यंत सर्व प्रकारचे पाठभेद आहेत. आपल्या लेखनाचे नकलाकारांच्या हातून काय होते याची चॉसरला पुरेपूर जाणीव होती. अ‍ॅडम नावाच्या लेखनिकाला उद्देशून त्याने सात ओळींचे एक छोटे काव्य लिहिले आहे, आणि तुझ्या घाईमुळे मला वारंवार खरडून दुरुस्त्या कराव्या लागतात अशी त्यात तक्रार आहे. तेव्हा आज आपण ‘चॉसर’ म्हणून जे वाचतो ते सहाशे वर्षांत अनेक हातांनी निवडलेले, जुळवलेले आणि कधी कधी बिघडवलेले साहित्य आहे. कोणतीही आवृत्ती विकत घेताना ती या हातांचा हिशेब वाचकाला कितपत देते, हीच माझ्या लेखी पहिली कसोटी आहे.

या कसोटीवर रिव्हरसाइडचे मागचे दालन अतिशय समृद्ध आहे. प्रत्येक कृतीसाठी दोन प्रकारच्या टीपा आहेत. पहिल्या प्रकारात अर्थ, संदर्भ, मूळ स्रोत आणि अभ्यासकांची मते येतात, तर दुसऱ्या प्रकारात कोणत्या हस्तलिखितात कोणता पाठ आहे आणि संपादकाने कोणता निवडला याची नोंद येते. त्यापुढे सविस्तर शब्दकोश आहे. ग्रंथाच्या आरंभी चॉसरचे चरित्र, त्याची भाषा आणि छंद यांविषयी निबंध आहेत, आणि कवितेच्या प्रत्येक पानाच्या तळाशी कठीण शब्दांचे अर्थ ओळींच्या क्रमांकांनुसार दिले आहेत. ही तळटिपांची सोय इतकी नेमकी आहे की पहिल्या शंभर ओळी चिकाटीने वाचल्यानंतर वाचक बऱ्यापैकी स्वतःच्या पायांवर उभा राहतो.

आता एक उदाहरण जवळून पाहू. कथांच्या सातव्या तुकड्यात सरायवाला यजमान मठवासी साधूला म्हणतो की पाहा, रॉचेस्टर आता अगदी जवळ आले. तिसऱ्या तुकड्यात मात्र बाथ गावची बाई या यात्रेकरूच्या प्रास्ताविकाच्या शेवटी दोन यात्रेकरूंची खडाजंगी होते, आणि त्यांतला एकजण सिटिंगबोर्नला पोचण्यापूर्वीच तुझी खोड मोडतो अशी धमकी देतो. लंडनहून कँटरबरीला जाताना रॉचेस्टर आधी लागते आणि सिटिंगबोर्न त्यानंतर. म्हणजे एल्समिअर या प्रसिद्ध हस्तलिखिताच्या क्रमाने वाचत गेले तर यात्रा पुढे जाऊन पुन्हा मागे आल्यासारखी होते. एकोणिसाव्या शतकात केंब्रिजच्या हेन्री ब्रॅडशॉ यांनी यावर तोडगा सुचवला की सातवा तुकडा उचलून दुसऱ्याच्या पाठोपाठ ठेवावा. चॉसरचे संपादक फर्निव्हल यांनी तो स्वीकारला, त्यांच्यानंतरचे संपादक स्कीट यांनीही आपल्या आवृत्तीत तोच क्रम धरला, आणि कित्येक वाचकांनी त्याच क्रमाने काव्य वाचले. रिव्हरसाइड एल्समिअरचा क्रम कायम ठेवते. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण भूगोल सुधारण्यासाठी हस्तलिखितांतला क्रम बदलणे म्हणजे कवीचे अपुरे राहिलेले काम आपण पूर्ण केल्याचा आव आणणे आहे. पण हा निर्णय आहे, त्यामागे असा वाद आहे, हे कथा वाचणाऱ्याला पानावर कोठेही कळत नाही. ज्या ओळीवर टीप आहे तेथे साधी खूणसुद्धा नाही. मागची पाने उघडून ओळीचा क्रमांक शोधण्याची सवय ज्याने लावून घेतली नाही, तो संपूर्ण ग्रंथ वाचूनही या गोष्टीपासून अनभिज्ञ राहू शकतो.

बाथच्या बाईचे प्रास्ताविक हे याहून महत्त्वाचे उदाहरण आहे, कारण तेथे एका पात्राच्या स्वभावाचाच प्रश्न आहे. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेले हेंगवर्ट हस्तलिखित आणि कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात असलेले एल्समिअर ही या काव्याची दोन सर्वांत महत्त्वाची आणि फार जुनी हस्तलिखिते. दोन्ही एकाच लेखनिकाच्या हातची आहेत असे बहुतेक अभ्यासक मानतात. एल्समिअर राजेशाही थाटाचे आहे, त्यात तेवीस यात्रेकरूंची रंगीत चित्रे आहेत. हेंगवर्ट साधे, शेवटची पाने गमावलेले आणि उंदरांनी कुरतडलेले आहे. या बाईच्या प्रास्ताविकात असे पाच उतारे आहेत की जे हेंगवर्टमध्ये नाहीत, पण त्यांतले बहुतेक एल्समिअरमध्ये आहेत. आपल्यावर शुक्राचा आणि मंगळाचा अंमल आहे, आपण प्रेम करताना कधी विवेक पाहिला नाही, पुरुष गोरा की काळा, गरीब की श्रीमंत हे मनात आणले नाही, असे ती ज्या ओळींत बोलते त्या ओळी याच उताऱ्यांतल्या आहेत. हे उतारे चॉसरने नंतर भर घातलेले आहेत, त्याने स्वतःच काढून टाकलेले आहेत, की कोणा दुसऱ्याने तिला अधिक बेछूट दाखवण्यासाठी घुसडलेले आहेत, यावर अभ्यासकांत दीर्घ वाद आहे. रिव्हरसाइडने ते संहितेत ठेवले आहेत, आणि कविता वाचताना त्यांतल्या बहुतेकांत आणि भोवतीच्या ओळींत काही फरक असल्याचे डोळ्यांना जाणवत नाही. मला येथे किमान समासात एखादी खूण हवी होती. वर्गात या बाईच्या स्वभावाची चर्चा करताना ज्या ओळी हमखास उद्धृत होतात, त्याच ओळींचे कर्तृत्व शंकास्पद आहे, ही गोष्ट परिशिष्टात ठेवण्याजोगी नक्कीच नाही.

आचाऱ्याच्या कथेच्या बाबतीत संपादकांनी जे केले आहे ते निर्विवाद बरोबर आहे, आणि तरीही तेथे मला एक उणीव जाणवते. ही कथा अठ्ठावन्न ओळींनंतर तुटते. हेंगवर्टच्या लेखनिकाने तेथेच नोंद केली आहे की आचाऱ्याची ही कथा चॉसरने यापुढे लिहिली नाही. रिव्हरसाइडही तेथेच थांबते. पण पंधराव्या शतकातल्या अनेक नकलाकारांना ही मोकळी जागा सोसली नाही. सुमारे पंचवीस हस्तलिखितांत आचाऱ्याच्या तोंडी ‘गॅमलिन’ नावाचे एक वेगळेच, चॉसरच्या शैलीशी अजिबात न जुळणारे कथाकाव्य घातलेले आढळते. आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे जो तिच्यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असे समजावे, असा इशारा देऊन ठेवला. चॉसरला त्याच्या मृत्यूनंतरच्या शतकात असा राखणदार मिळाला नाही. तरी गॅमलिनला केवळ नरोटी म्हणून फेकून देता येत नाही. ते काव्य चॉसरच्या नावाच्या आश्रयाने टिकले, त्यावरून टॉमस लॉजने आपली गद्य प्रणयकथा रचली आणि तिच्यावरून शेक्सपिअरचे ‘अ‍ॅज यू लाइक इट’ उभे राहिले. स्कीट यांनी आपल्या आवृत्तीत गॅमलिन परिशिष्ट म्हणून छापले होते. रिव्हरसाइडने ते गाळले. चॉसरचे काय आणि काय नाही हे ठरवण्याच्या शिस्तीत, जे कित्येक पिढ्यांनी चॉसर म्हणून वाचले ते सर्व दृष्टीआड झाले आहे.

ही उणीव मोठी का वाटते, हे छापील आवृत्त्यांचा इतिहास पाहिला की लक्षात येते. विल्यम कॅक्स्टनने ‘कँटरबरी टेल्स’ प्रथम १४७६-७७ च्या सुमारास छापले. १४८३ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तो सांगतो की एका गृहस्थाने येऊन हे पुस्तक चॉसरने लिहिल्याप्रमाणे नाही अशी तक्रार केली आणि आपल्या वडिलांकडची चांगली प्रत आणून देण्याची तयारी दाखवली. वाचकाच्या तक्रारीवरून प्रकाशकाने पाठ सुधारल्याची ही फार जुनी आणि मला अत्यंत प्रिय असलेली नोंद आहे. १५३२ साली विल्यम थिनने चॉसरचे संकलित साहित्य प्रथमच एकत्र काढले आणि ते आठव्या हेन्रीला अर्पण केले. पण त्यात चॉसरचे नसलेलेही बरेच काही शिरले. १५४२ च्या आवृत्तीत तर ‘प्लाउमन्स टेल’ हे पोप आणि धर्मगुरूंवर कडाडून टीका करणारे काव्य त्याच्या नावावर आले. त्याचा परिणाम असा झाला की चॉसर हा प्रोटेस्टंट सुधारणेचा पूर्वसूरी ठरला. १५४३ च्या इंग्लंडमधल्या धर्मविषयक कायद्याने अनेक पुस्तकांवर बंधने घातली, तेव्हा चॉसरच्या ग्रंथांना सूट मिळाली, आणि पुढे जॉन फॉक्ससारख्या कडव्या प्रोटेस्टंट इतिहासकाराने त्याला चर्चवर टीका करणाऱ्या विक्लिफच्या पंथातला म्हणून गौरवले.

त्याहून विलक्षण प्रकार ‘टेस्टामेंट ऑफ लव्ह’ या गद्यकृतीचा. ती टॉमस अस्क याने लिहिली होती आणि त्याला १३८८ साली देहदंड झाला. थिनने ती चॉसरच्या साहित्यात छापली, आणि मग चरित्रकारांनी तिच्यातल्या निवेदकाचे हाल चॉसरच्या आयुष्यात बसवले. कवीला परागंदा व्हावे लागले, तुरुंगात जावे लागले, अशी कहाणी एकोणिसाव्या शतकापर्यंत खरी मानली जात होती. एका चुकीच्या संपादकीय निर्णयातून एका माणसाचे खोटे चरित्र तयार झाले. रिव्हरसाइडच्या वाचकाला हा इतिहास सलग, एका ठिकाणी वाचायला मिळत नाही. टीपांमधून तुकड्या-तुकड्याने गोळा करावा लागतो. इतक्या मोठ्या ग्रंथात संपादनाच्या इतिहासावर वीस पानांचा एक स्वतंत्र निबंध असता तर त्याचे मोल कितीतरी वाढले असते.

छंदाच्या बाबतीत मात्र ही आवृत्ती मनापासून कौतुकास पात्र आहे. चॉसरच्या काळातल्या लंडनच्या इंग्रजीत अनेक शब्दांच्या शेवटी असलेला हलका स्वर काव्यात उच्चारला जात असे, पुढे तो लोपला. ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रास्ताविकातली सातवी ओळ घ्या. ‘द तेंद्रे क्रोपेस, अँड द युंगे सोन्ने’ असे वाचले तर ओळीत दहा अवयव (उच्चाराचे तुकडे) भरतात आणि शेवटी एक हलका अवयव उरतो. तीच ओळ आजच्या उच्चाराने, म्हणजे ‘द टेंडर क्रॉप्स अँड द यंग सन’ अशी वाचली तर आठच अवयव होतात आणि ओळ लंगडते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, १५९८ साली, टॉमस स्पेट याने कठीण शब्दांच्या कोशासह चॉसरचे साहित्य संपादित केले. त्याच्या आवृत्तीत असा दावा आला की वाचणाऱ्याला जमले तर चॉसरच्या ओळी पूर्ण भरतात. जॉन ड्रायडनला तो दावा पटला नाही. आपल्या १७०० सालच्या ‘फेबल्स’च्या प्रस्तावनेत त्याने चॉसरला इंग्रजी काव्याचा जनक म्हटले, त्याच्या कथांत ईश्वरी समृद्धी आहे असे गौरवोद्गार काढले, पण त्याच्या ओळी मोजमापात कमी पडतात आणि तसे नाही म्हणणे ही ढोबळ चूक आहे असेही ठणकावून सांगितले. कवी म्हणून ड्रायडन कितीतरी थोर, पण या मुद्द्यावर संपादक बरोबर होता आणि कवी चुकला होता. या गैरसमजातूनच ड्रायडनने चॉसरच्या कथा आपल्या सफाईदार द्विपदीत नव्याने लिहिल्या. विशेष म्हणजे त्यांतले एक मूळ काव्य चॉसरचे नव्हतेच. ‘द फ्लावर अँड द लीफ’ त्याच्या संग्रहात चुकून आलेले होते.

जॉन अरी या संपादकाने तर कमी पडणारे अवयव चक्क पदरचे घालून भरले. त्याची आवृत्ती १७२१ साली, त्याच्या मृत्यूनंतर निघाली. जुन्या काळ्या गॉथिक टंकाऐवजी साध्या रोमन टंकात आलेली ती चॉसरच्या समग्र साहित्याची पहिली आवृत्ती, म्हणजे वाचायला सर्वांत सोपी. पण पाठ इतका बिघडलेला की पुढच्या संपादकांनी तिच्यावर कडक ताशेरे ओढले. १७७५ ते १७७८ या काळात टॉमस टर्विट याने अनेक हस्तलिखिते ताडून पाहिली, शब्दांती स्वराचा उलगडा केला आणि पाठाला आधार दिला. रिव्हरसाइडमधला भाषा आणि छंद यांवरचा विभाग याच संशोधनाचे फळ आहे, आणि तो इतका नेटका आहे की एकट्याने अभ्यास करणाऱ्यालाही कविता मोठ्याने वाचता येऊ लागते. इंग्रजी विषय घेऊन एम.ए. करणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना चॉसर बहुधा आधुनिक भाषांतरातून आणि परीक्षेच्या नोट्समधून भेटतो. त्यांनी हा एवढा भाग वाचला आणि पन्नास ओळी उच्चारून पाहिल्या तरी ग्रंथ वसूल झाला असे मी म्हणेन.

एकोणिसाव्या शतकात हे काम व्यक्तीकडून संस्थेकडे गेले. फ्रेडरिक फर्निव्हल यांनी १८६८ साली चॉसर सोसायटी स्थापन केली आणि सहा हस्तलिखिते शेजारी-शेजारी छापून काढली. वॉल्टर स्कीट यांनी १८९४ साली सहा खंडांत ऑक्सफर्ड आवृत्ती सिद्ध केली. विल्यम मॉरिसने १८९६ साली केल्म्स्कॉट छापखान्यातून जो विख्यात चॉसर काढला, त्याचा पाठ स्कीट यांचाच होता. त्याच्या ४२५ प्रती कागदावर आणि १३ प्रती चर्मपत्रावर छापल्या गेल्या, आणि एडवर्ड बर्न-जोन्सने त्यासाठी ८७ चित्रे काढली. पण गिरणीवाल्याच्या कथेसारख्या चावट कथांना त्याने हात लावला नाही. १९४० साली शिकागो विद्यापीठातून जॉन मॅनली आणि एडिथ रिकर्ट यांचे आठ खंडांचे प्रचंड काम बाहेर पडले. ही दोघे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सांकेतिक लिपी उकलणाऱ्या खात्यात होती, आणि ‘कँटरबरी टेल्स’च्या एकूण एक ज्ञात हस्तलिखिताचा पाठ त्यांनी त्याच चिकाटीने ताडून पाहिला. एल्समिअरच्या पाठावर कोणा हुशार संपादकाचा हात फिरला आहे आणि हेंगवर्ट मूळच्या अधिक जवळचे आहे, हे त्यांच्या कामातून पुढे आले. १९८० साली नॉर्मन ब्लेक यांनी तर केवळ हेंगवर्टच्या आधारे आवृत्ती काढून दाखवली.

येथे रिव्हरसाइडवरचा माझा मुख्य आक्षेप येतो. रॉबिन्सन यांनी १९३३ साली आपला पाठ ठरवला तेव्हा मॅनली-रिकर्ट यांचे खंड निघायचे होते, आणि त्यांनी पाया म्हणून एल्समिअर धरले. १९८७ च्या संपादकांनी हेंगवर्टचे अनेक पाठ विचारात घेतले, पण रॉबिन्सन यांची चौकट मोडली नाही. परिणामी ज्या हस्तलिखितावर संपादकीय सफाईचा संशय आहे त्याचीच छाया संहितेवर राहिली. लाखो विद्यार्थ्यांच्या हाती जाणाऱ्या आवृत्तीने अशी सावध भूमिका घेणे समजण्यासारखे आहे. तरीही प्रस्तावनेत या निवडीची बाजू अधिक मोकळेपणाने मांडायला हवी होती. विरामचिन्हे आणि अवतरणचिन्हे यांबाबतही हेच म्हणता येईल. हस्तलिखितांत अवतरणचिन्हे नसतात. बाथची बाई आपल्या म्हाताऱ्या नवऱ्यांचे बोलणे सांगता सांगता स्वतःचे बोलू लागते, तेव्हा कोणते वाक्य नेमके कोणाचे, हे आज आपल्याला संपादक सांगतो.

रूपांतरांबद्दल हा ग्रंथ जवळजवळ गप्प आहे. संपादित आवृत्तीकडून ती अपेक्षा कितपत करावी यावर दुमत होईल, पण चॉसरच्या बाबतीत संपादक आणि रूपांतरकार एकाच जागी काम करताना दिसतात. पिएर पाओलो पासोलिनीने १९७२ साली ‘कँटरबरी टेल्स’वर चित्रपट केला, त्यात स्वतः चॉसरची भूमिका केली आणि बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल हा पुरस्कार मिळवला. व्हिक्टोरियन चित्रकार बर्न-जोन्सने ज्या कथा टाळल्या होत्या त्याच त्याने पुढे आणल्या, आणि आचाऱ्याची तुटलेली कथा चॅप्लिनच्या धर्तीवर रंगवून पुरी केली. मोकळी जागा भरण्याची जी ओढ गॅमलिन घालणाऱ्या नकलाकाराला होती तीच ही ओढ. अलेक्झांडर पोप या कवीने तरुणपणी बाथच्या बाईचे प्रास्ताविक आपल्या काळाच्या सभ्यतेला मानवेल अशा बेताने कापून-छाटून लिहिले. झेडी स्मिथने २०२१ साली तिला वायव्य लंडनमधल्या विल्सडनच्या गुत्त्यात आणून बसवले आणि तिचा ऐसपैस आवाज कायम ठेवला. या दोन रूपांतरांमधला फरक समजून घ्यायचा तर वर सांगितलेल्या पाच उताऱ्यांचा वाद माहीत असलेला बरा, आणि त्यासाठी पुन्हा रिव्हरसाइडचीच मागची पाने उघडावी लागतात.

स्पष्टीकरणात्मक टीपा आजही आनंद देतात. चॉसरने कोठून काय घेतले याचा शोध त्यांत बोकाचिओपासून बायबलपर्यंत आणि लॅटिन ग्रंथांपासून फ्रेंच प्रणयकाव्यांपर्यंत पसरलेला आहे. मृत्यूला शोधायला निघालेले तीन मित्र सोन्याच्या राशीपायी एकमेकांचा घात करतात, ही क्षमापत्रे विकणाऱ्याची कथा वाचताना आपल्या वाचकाला वेदब्भ जातक आठवल्यावाचून राहणार नाही. तेथेही धनाच्या वाटणीवरून चोर एकमेकांना मारतात आणि शेवटच्या दोघांतला एक तलवारीने, तर दुसरा विषारी भाताने मरतो. मात्र टीपांचे वय जाणवते. २००४ साली लिन मूनी यांनी हेंगवर्ट आणि एल्समिअरचा लेखनिक अ‍ॅडम पिंकहर्स्ट असल्याचे मांडले, पुढे त्यावर जोरदार आक्षेपही घेतले गेले. यांतले काहीच १९८७ च्या टीपांत असणे शक्य नाही. सेसिली शॉम्पेन हिच्याशी संबंधित १३८० च्या कागदामुळे चॉसरवर शतकाहून अधिक काळ बलात्काराचा जो गंभीर संशय होता, त्यामागचा तो कागद नोकराच्या कामाच्या करारासंबंधीच्या खटल्यातला असल्याचे दाखवणारी कागदपत्रे २०२२ साली उजेडात आली. त्यामुळे चरित्राचा भाग वाचताना सन १९८७ हे ध्यानात ठेवावे.

वस्तू म्हणून पाहता ग्रंथ जड आहे. पाने तेराशेच्या वर, कागद पातळ, कविता दोन स्तंभांत आणि टीपांचा टंक डोळ्यांना ताण देणारा. मांडीवर घेऊन वाचण्याचे हे पुस्तक नाही, टेबलच हवे. कागदी बांधणीची प्रत रोजच्या उलट-सुलट चाळण्याला कितपत पुरेल याची शंका वाटते, म्हणून जुन्या बाजारात पक्क्या बांधणीची प्रत मिळाली तर तीच घ्यावी.

ज्याला फक्त ‘कँटरबरी टेल्स’ मूळ भाषेत वाचायचे आहे त्याने पेंग्विनने २००५ साली काढलेली जिल मान यांची आवृत्ती पाहावी. तिच्या टीपा उत्तम आहेत आणि ती हाताळायला सोपी आहे. कथाच हव्या असतील तर नेव्हिल कॉगहिल यांचे १९५१ सालचे पद्य भाषांतर अजूनही रसाळ वाटते. ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’, ‘पार्लमेंट ऑफ फाउल्स’ आणि आपल्या लहानग्या मुलासाठी, लुइससाठी, लिहिलेला अ‍ॅस्ट्रोलेब या ग्रहताऱ्यांची स्थाने मोजण्याच्या यंत्रावरचा ग्रंथ यांसह सगळा चॉसर हवा असेल तर रिव्हरसाइडला आजही तोड नाही. तो आणल्यावर बाथच्या बाईचे प्रास्ताविक आणि त्याच्या मागच्या टीपा एकाच वेळी, दोन ठिकाणी खुणेच्या पट्ट्या घालून वाचाव्यात, आणि शेजारी हेंगवर्ट व एल्समिअर यांची छायाचित्रे उघडी ठेवावीत. दोन्ही ग्रंथालयांनी ती सर्वांना पाहता येतील अशी ठेवली आहेत.